कोंब आलेली कंदमुळे: काय खायचे, काय कापून घ्यायचे, काय टाकायचे

कोंब फुटलेल्या भाज्यांबाबत दोन उलट्या चुका बहुधा एकाच स्वयंपाकघरात होतात. आत हिरवा कोंब दिसला म्हणून चांगला लसूण कचऱ्यात जातो आणि बोटभर कोंब आलेला, सुरकुतलेला बटाटा मात्र कोंब खुडून बिनदिक्कत शिजायला पडतो. पहिल्या चुकीत नुकसान पैशाचे, दुसरीत तब्येतीचे. दोन्हींचे मूळ एकच: 'मोड आले' एवढ्यावरूनच निकाल देणे. कडधान्याला मोड आले की ते पौष्टिक, मग बटाट्याने काय घोडे मारले, असाही युक्तिवाद ऐकू येतो. बटाट्याने घोडे मारलेले नाही, पण तो वेगळ्या कुळातला आहे आणि त्याच्या कोंबात जे असते ते कडधान्याच्या मोडात नसते.

म्हणून आधी उत्तर, मग पद्धत. रताळे, कांदा, लसूण, आले, हळद, गाजर, बीट, मुळा, सलगम यांना कोंब आले तर प्रश्न विषाचा नसतो. चव उतरते, पोत बिघडतो, एवढेच. बटाट्याला कोंब आले तर प्रश्न विषाचा असतो, पण म्हणून कोंब आलेला प्रत्येक बटाटा टाकावा लागतो असेही नाही. अळकुडी आणि सुरण हे मुळातच खाजरे, कोंब असोत की नसोत.

खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. बहुतेक गडबड क्रम उलटा केल्याने होते: आधी उकडायचे, मग सोलायचे आणि मग हिरवे दिसते का ते पाहायचे.

## सुरुवातीआधी: बटाट्याचे गणित

हे गणित एकदा डोक्यात बसले की पुढचे नियम पाठ करावे लागत नाहीत.

बटाट्याचे झाड कीड आणि बुरशीपासून बचावासाठी ग्लायकोअल्कलॉइड नावाची द्रव्ये तयार करते. त्यांत सोलानिन आणि चॅकोनिन ही दोन मुख्य. चांगल्या बटाट्याच्या गरात ती नाममात्र असतात, १०० ग्रॅममागे साधारण १ ते ५ मिलिग्रॅम. सालीत हा आकडा ३० ते ६० पर्यंत जातो. कोंबांत तो २०० ते ४०० च्या घरात असतो. अख्ख्या बटाट्यासाठी सर्वसाधारणपणे मानली जाणारी वरची मर्यादा आहे १०० ग्रॅममागे २० मिलिग्रॅम.

युरोपियन अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२० मध्ये या द्रव्यांचा आढावा घेतला. शरीराच्या दर किलो वजनामागे १ मिलिग्रॅम पोटात गेल्यावर त्रास दिसू शकतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. म्हणजे ६० किलोच्या माणसाला ६० मिलिग्रॅम, १५ किलोच्या मुलाला फक्त १५. मर्यादेच्या काठावरचा बटाटा असेल तर मुलाच्या बाबतीत ही मात्रा ७५ ग्रॅममध्ये पूर्ण होते, आणि ७५ ग्रॅम म्हणजे एक लहानसा बटाटा. कोंबच पोटात गेले तर चार ते आठ ग्रॅम पुरे. 'आम्ही आयुष्यभर खातोय, कुणाला काही झाले नाही' हे मोठ्या माणसाचे वाक्य लहान मुलाच्या ताटाला लागू पडत नाही ते यामुळे.

आता हिरव्या रंगाबद्दल. बटाट्यावरचा हिरवेपणा हे निव्वळ हरितद्रव्य आहे, पालेभाजीत असते तेच, आणि ते निरुपद्रवी आहे. पण ते येते उजेडामुळे, आणि त्याच उजेडाने ग्लायकोअल्कलॉइडही वाढतात. हिरवा रंग हा इशारा समजायचा. मात्र रंग दिसला नाही म्हणजे निर्धास्त, असे नाही. आपटलेला, चिरलेला किंवा कोंबांनी थकलेला बटाटा हिरवा न होताही या द्रव्यांनी कडू होऊ शकतो. आणि हिरवा बटाटा अंधारात ठेवला, रंग फिका झाला, म्हणून आतले विष उतरले असे होत नाही.

## टप्पा १: जागा आणि हत्यारे

भरपूर उजेड हवा. शक्य असेल तर दिवसाउजेडी खिडकीपाशी बसा. पिवळसर दिव्याखाली फिकट हिरवी छटा सहज सुटते आणि रात्री घाईत चिरलेल्या बटाट्यात नेमकी तीच राहून जाते.

टोकदार लहान सुरी, साल काढायचा पीलर, दोन भांडी. एक भांडे घ्यायच्या मालाचे, एक टाकायच्या. दुसरे भांडे नसले की कोंब आणि साली चिरण्याच्या पाटावरच साठतात आणि एखादा कोंब चिरलेल्या फोडींत मिसळतो.

सगळा ढीग एकदम धुऊन ठेवू नका. आज लागेल तेवढाच माल घ्या. ओला बटाटा परत साठवला तर सडतो आणि ओलसर कांदा तर हमखास.

## टप्पा २: न धुता, न सोलता आधी निवडा

प्रत्येक कंद हातात घेऊन दाबून पाहा. कोंबांच्या लांबीपेक्षा हा एक दाब जास्त सांगतो. कोंब वाढतात ते कंदातले पाणी आणि पिठूळ साठा खाऊन. त्यामुळे कंद अजून टणक असेल तर कोंब नुकतेच आले आहेत. लिबलिबीत, सुरकुतलेला असेल तर आतले बरेच काही आधीच खर्ची पडले आहे.

मग वास घ्या. सडका, आंबूस किंवा कुबट वास आला की तिथेच थांबा, कापून बघायची गरज नाही.

बटाट्यासाठी निवड अशी करा:

- घ्या: टणक, साल ताणलेली, कोंब नुसते डोकावणारे किंवा सेंटीमीटरभर, हिरवेपणा नाही किंवा एखाद्या ठिकाणी चकतीएवढा.
- टाका: मऊ पडलेला, सुरकुतलेला, लांब किंवा फांद्या फुटलेले कोंब असलेला, मोठ्या भागावर हिरवा, सडका, बुरशी आलेला.

सेंटीमीटरचा आकडा हा हाताचा अंदाज आहे, प्रयोगशाळेतली सीमारेषा नव्हे. टणक बटाट्यावर दीड सेंटीमीटरचा एकच कोंब असेल तर तो वाचवता येतो. पण अर्ध्या सेंटीमीटरचे कोंब दहा डोळ्यांतून आले असतील आणि बटाटा मऊ असेल, तर सोडून द्या.

सावधान: लहान आकाराच्या बटाट्याला मोठ्याचा नियम लावू नका. लहान बटाट्यात गराच्या मानाने साल जास्त असते. लिंबाएवढ्या बटाट्याला कोंब आले, तर डोळे कोरून उरणार काय? तो टाकलेलाच बरा.

लहान मुले किंवा गरोदर बाई जेवणार असेल तर 'घ्या' वाला ढीग आणखी कडक करा. त्यांच्यासाठी कोंब नसलेला, हिरवेपणा नसलेला बटाटाच वापरायचा. कोंबवाले वाचवण्याची कसरत मोठ्यांच्या ताटापुरती ठेवायची.

## टप्पा ३: धुणे, मग कोरणे, मग सोलणे

निवडलेले बटाटे वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा. कापल्यावर धुण्यापेक्षा हे आधी केलेले चांगले, नाहीतर सुरीबरोबर सालीवरची माती आत जाते.

आता सगळ्यात जास्त चुकणारे काम. कोंब बोटांनी खुडायचा आणि बटाटा झाला साफ, असे समजले जाते. कोंब खुडला तरी त्याचे बूड डोळ्यात तसेच राहते, आणि कोंबाच्या बुडाशी, डोळ्याच्या आसपास ही द्रव्ये एकवटलेली असतात. म्हणून सुरीचे टोक तिरपे घालून डोळा शंकूच्या आकारात कोरून काढा, आजूबाजूचा अर्धा ते एक सेंटीमीटर गर सोबत घेऊन. खड्डा पडला तर पडू द्या.

हिरवा डाग असेल तर तो जाड कापून टाका. हिरवटपणा पूर्ण संपून फिकट पिवळा किंवा पांढरा गर दिसेपर्यंत. पापुद्र्यासारखी साल काढून हिरवी छटा खाली दिसत असेल तर काम अर्धवट आहे.

मग उरलेली साल काढा. कोंब आलेल्या बटाट्याची साल ठेवायची नाही, कितीही पातळ आणि कोवळी वाटली तरी. सालीसकट भाजणे, सालीचे कुरकुरीत काप तळणे, हे सगळे ताज्या, टणक, कोंब नसलेल्या बटाट्यांसाठी.

तपासा: सोललेला बटाटा मधोमध चिरा. आत काळसर पोकळी, तपकिरी रेघा किंवा पाणचट भाग दिसतो का? किरकोळ तपकिरी ठिपका आपटल्याचा असतो, तो कापला की झाले. पसरलेला काळेपणा आणि वास दोन्ही असतील तर अख्खा टाका.

कापून, कोरून झाल्यावर हातात निम्मा बटाटाही उरला नसेल तर मला विचाराल तर तो उरलेला तुकडाही घेऊ नये. इतके कोरावे लागले याचा अर्थ दुसऱ्या टप्प्यात निवड चुकली.

## टप्पा ४: शिजवणे हा उपाय नाही

'उकळले की सगळे मरते' हे जंतूंबाबत बऱ्याच अंशी खरे. ग्लायकोअल्कलॉइड जिवंत नसतात, ते मरत नाहीत. स्वयंपाकातल्या नेहमीच्या तापमानाला ते बरेचसे टिकून राहतात.

आधी उल्लेखलेल्या युरोपियन आढाव्यातले आकडे इथे उपयोगी पडतात. सोलल्याने २५ ते ७५ टक्के घट होऊ शकते, उकडल्याने ५ ते ६५ आणि तळल्याने २० ते ९०. घट होते हे खरे, पण ५ आणि ६५ यांत केवढी तफावत आहे पाहा. तुमच्या पातेल्यात त्यांतले काय घडले हे कळायला मार्ग नाही. म्हणून शिजवण्यातून होणारी घट हिशेबात धरायचीच नाही. कोरणे आणि सोलणे यांवर जे निभावते तेवढेच घ्यायचे.

उकडलेल्या बटाट्याचे पाणी फेकून द्या. पिठात, रश्श्यात किंवा सुपात ते घालू नका. तळणीचे तेलही पुन्हा पुन्हा वापरू नका. जर्मनीची जोखीम मूल्यांकन करणारी सरकारी संस्था या दोन्ही गोष्टी आवर्जून सांगते, कारण ही द्रव्ये थोड्या प्रमाणात पाण्यात आणि तेलात उतरतात.

सालीसकट उकडून मग सोलण्याची सवय कोंबवाल्या बटाट्यांपुरती सोडा. उकडल्यावर डोळे मऊ होऊन गरात मिसळतात आणि रंग असा बदलतो की फिकट हिरवे ओळखू येत नाही.

## टप्पा ५: चवीची शेवटची परीक्षा

शिजलेला एक तुकडा मीठ-मसाला घालण्याआधी चाखा. नंतर चाखलात तर तिखट, आंबट आणि मसाल्याखाली कडवटपणा झाकला जातो.

कडू लागले, किंवा घशात चरचर, जळजळ जाणवली, तर तुकडा थुंका आणि त्या बटाट्यांचा सगळा घाणा टाका. गूळ किंवा दही घालून कडवटपणा मारायचा प्रयत्न म्हणजे इशाऱ्याची घंटा काढून ठेवण्यासारखे आहे. मुलाने 'कडू लागतंय' म्हणत घास बाहेर काढला तर त्याला दटावू नका, आधी स्वतः चाखून पाहा.

सावधान: ही परीक्षा शेवटची आहे, एकमेव नाही. कडू लागले नाही म्हणून हिरवा बटाटा चांगला ठरत नाही. सगळ्यांच्या जिभेला कडवटपणा सारखा कळतही नाही.

## आता बाकीचे कंद, एकेक करून

### रताळे

बटाट्याशी त्याचे नातेच नाही. ते वेगळ्या कुळातले, त्यात सोलानिन नसते, त्याचे कोवळे कोंब आणि पाने भाजी म्हणून खाता येतात. कोंब खुडा, रताळे टणक असेल तर नेहमीसारखे वापरा. थोडे कमी गोड आणि दोरेदार लागेल इतकेच.

पण रताळ्याचा खरा धोका वेगळाच आहे आणि तो बहुतेकांना माहीत नसतो. बुरशी लागली किंवा सोंडकिड्याने पोखरले की रताळे स्वतःच्या बचावासाठी इपोमियामारोनसारखी कडू द्रव्ये तयार करते. ती यकृताला घातक असू शकतात, उकडल्या-भाजल्याने पूर्ण जात नाहीत आणि खराब डागाच्या शेजारच्या चांगल्या दिसणाऱ्या गरातही पसरलेली असू शकतात. त्यामुळे इथे बटाट्याच्या उलट वागायचे: कोंब खुडून घ्या, पण काळा डाग, बुरशी किंवा किडीची भोके असतील तर तेवढेच कापून उरलेले वापरण्याचा मोह टाळा. चांगल्या रताळ्यात कडवटपणा नसतो. कडू लागले की ते टाकायचे.

### कांदा आणि लसूण

दोन्हींचे कोंब म्हणजे त्यांची पातच, आणि ती खाण्यायोग्य असते. लसणाच्या पाकळीतला हिरवा कोंब किंचित उग्र आणि कडवट लागतो. कच्चा लसूण वापरायचा असेल तर पाकळी उभी चिरून तो काढा, फोडणीत जाणार असेल तर राहू द्या.

कोंब आलेल्या कांद्यात बघायचे ते हे: उभा चिरून मधल्या पाकळ्या टणक आहेत की चिकट, तपकिरी झाल्यात? चिकट, सडका भाग असेल तर कांदा टाका. बाहेरच्या सुक्या पापुद्र्यावर काळी पूड दिसते ती बुरशी असते. ती फक्त वरवर असेल तर ते पापुद्रे काढून, कांदा धुऊन घ्या. आत उतरली असेल तर नको.

कोंब येऊ लागलेला लसूण संपवायला तो सोलून तेलात बुडवून ओट्यावर ठेवणारे बरेच आहेत. हे करू नका. कोंबापेक्षा कितीतरी मोठा धोका इथे आहे. तेलाखाली हवा पोचत नाही, लसूण आंबट नसतो आणि मातीतून आलेले क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू त्याच्यावर असू शकतात. अशा अवस्थेत घरातल्या तापमानाला बॉट्युलिझमचे, म्हणजे स्नायू लुळे पाडणाऱ्या विषबाधेचे, विष तयार होऊ शकते, आणि त्याला ना वास असतो ना चव. तेलातला लसूण लगेच फ्रिजमध्ये ठेवायचा आणि तीन-चार दिवसांत संपवायचा. नाहीतर पाकळ्या सोलून सरळ फ्रीझरमध्ये टाका.

एक सूचना बाग करणाऱ्यांसाठी: फुलझाडांचे कंद भाजीच्या टोपलीजवळ ठेवू नका. डॅफोडिलचा कंद कोंब आल्यावर कांद्यासारखा दिसतो आणि तो विषारी असतो.

### आले आणि ओली हळद

कोंब खुडा, बाकी वापरा. तुकडा सुरकुतून दोरेदार झाला असेल तर किसण्यापेक्षा ठेचून रस काढणे सोपे. बुरशी किंवा मऊपणा असेल तर टाका.

### गाजर, बीट, मुळा, सलगम

यांना डोक्यावर नवी पाने फुटतात. पाने खाता येतात, मूळही सुरक्षित असते. मात्र पानांनी साखर आणि पाणी ओढून घेतल्यामुळे मुळा आतून पोकळ होतो, गाजराचा मधला दांडा चामट होतो. गाजर कधी कधी कडू लागते. साठवणीत सफरचंदासारखी पिकणारी फळे शेजारी असली की त्यांच्यातून निघणाऱ्या इथिलीन वायूमुळे गाजरात कडू द्रव्य तयार होते. हा कडवटपणा चव बिघडवतो, बटाट्याच्या कडवटपणासारखा तो धोक्याचा नाही.

टणक गाजरावर एखादा बुरशीचा ठिपका असेल तर त्याच्या भोवतालचा आणि खालचा अडीच सेंटीमीटर भाग कापून उरलेले घेता येते. सुरी बुरशीतून ओढू नका, बाहेरून कापा. गाजर मऊ असेल तर ही सवलत नाही.

### अळकुडी आणि सुरण

यांच्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. घशाची खाज त्यांचीच. कोंब आल्याने बटाट्यासारखे नवे विष तयार होत नाही, पण कोंब आणि त्याच्या बुडाजवळचा भाग काढून टाकणे सोयीचे, कारण तो नीट शिजत नाही. सोलताना हाताला तेल लावा किंवा हातमोजे घाला. कच्चे किंवा अर्धेकच्चे कधीही नको. पूर्ण मऊ होईपर्यंत शिजवा आणि पहिले पाणी ओतून द्या.

## कोंब येऊच नयेत म्हणून

सगळे कंद एकाच टोपलीत ठेवणे हीच पहिली चूक. प्रत्येकाला हवे असते ते वेगळे.

बटाट्याला अंधार, गारवा आणि थोडी दमट हवा हवी. ७ ते १० अंश सेल्सिअस ही चांगली मर्यादा. एवढा गारवा घरात नसेल तर निदान अंधार तरी द्या, कारण विषाच्या दृष्टीने तोच जास्त महत्त्वाचा. दिव्याचा उजेडही उजेडच, तेव्हा ओट्यावरच्या जाळीच्या टोपलीपेक्षा बंद कपाटातली कागदी किंवा कापडी पिशवी बरी. प्लास्टिकच्या बंद पिशवीत पाणी सुटते. फ्रिजमध्ये ठेवलेल्या बटाट्यातल्या स्टार्चची साखर होते आणि तळताना तो पटकन करपतो. याच कारणाने ॲक्रिलामाइडची (साखर वाढलेला बटाटा तळता-भाजताना तयार होणाऱ्या, कर्करोगाशी जोडल्या गेलेल्या द्रव्याची) भीती घालून फ्रिज वर्ज्य सांगितला जात असे. ब्रिटनच्या अन्न मानक संस्थेने २०२३ मध्ये हा सल्ला बदलला आणि फ्रिजमध्ये ठेवायला हरकत नाही असे सांगितले. उकडायचे असतील तर गरम दिवसांत फ्रिज चालेल, तळायचे असतील तर चव आणि रंगासाठी बाहेरचे बरे.

रताळ्याला फ्रिज अजिबात नको. साधारण १० अंशांच्या खाली ते आतून बिघडते आणि शिजवूनही मधला भाग कडक राहतो.

कांदा आणि लसूण यांना कोरडी, खेळती हवा हवी. कांद्याला सगळ्यात जास्त कोंब येतात ते १० ते २० अंशांच्या मधल्या तापमानाला. त्याहून बरेच गार किंवा २५ ते ३० अंशांची कोरडी ऊब, दोन्हींत तो तुलनेने शांत राहतो. लसणाला मात्र फ्रिजचा गारवाच कोंब फुटायला जागा करतो. आठवडाभर फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवून बाहेर काढलेला लसूण लगेच कोंब का देतो, याचे उत्तर यात आहे.

कांदा आणि बटाटा वेगळे ठेवा, ते मुख्यतः ओलाव्यामुळे. बटाट्याला लागणारी दमट हवा कांद्याला सडवते. 'बटाट्यांत एक सफरचंद ठेवा, कोंब येत नाहीत' हा नुस्खा मात्र भरवशाचा नाही. मोठ्या गोदामांत इथिलीन वायू सतत आणि मोजून सोडून कोंब रोखतात हे खरे. पण टोपलीतल्या एका सफरचंदाकडून तसे नियंत्रण होत नाही, आणि ते सडले तर आजूबाजूचे बटाटेही बिघडवते.

तपासा: आठवड्यातून एकदा टोपली पूर्ण रिकामी करा. जुने वर, नवे खाली. सडका बटाटा नेहमी तळाशीच सापडतो.

टाकायच्या भांड्यातले कोंब आणि हिरव्या साली गुरांना, कोंबड्यांना घालू नका, त्यांनाही विषबाधा होते. कांदा-लसणाचे उरलेसुरले कुत्र्या-मांजरापासून दूर ठेवा. कोंब आलेला टणक बटाटा मातीत लावायला हरकत नाही. प्रत्येक तुकड्यावर एक-दोन डोळे ठेवून कापा, काप दोन दिवस सुकू द्या, मग लावा. त्या झाडाला टोमॅटोसारखी हिरवी फळे धरली तर ती मुलांच्या हाती लागू देऊ नका. तीही विषारी असतात.

## खाल्ल्यावर त्रास झाला तर

बटाट्याच्या विषबाधेत मळमळ, उलट्या, पोटात कळा, जुलाब, डोकेदुखी आणि कधी ताप अशी लक्षणे दिसतात. ती काही तासांत सुरू होतात, कधी दुसऱ्या दिवशीही. इंग्लंडमधल्या एका शाळेतल्या ७८ मुलांच्या बाबतीत, ज्याची नोंद १९७९ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात आली, त्रास जेवणानंतर ७ ते १९ तासांनी सुरू झाला होता. १७ जणांना रुग्णालयात ठेवावे लागले, पुढे सगळे बरे झाले. तिथले बटाटे आधीच्या सत्रापासून पोत्यात पडून होते. एवढ्या तासांच्या अंतरामुळे दुपारच्या जेवणाचा संबंध रात्रीच्या उलट्यांशी जोडलाच जात नाही आणि दोष भलत्याच पदार्थावर जातो.

घरी ओढून-ताणून उलटी काढू नका. पाणी, क्षारसंजीवनी घोटघोट देत राहा. उलट्या थांबत नसतील, गुंगी, गोंधळल्यासारखे बोलणे, अशक्तपणा किंवा श्वासाला त्रास असेल, किंवा त्रास लहान मुलाला, गरोदर बाईला अथवा वयस्क माणसाला होत असेल, तर वाट न पाहता डॉक्टरकडे न्या. तेलातला लसूण खाल्ल्यानंतर दोन-दोन दिसणे, पापण्या जड होणे, बोबडी वळणे किंवा गिळताना अडकणे यांपैकी काहीही जाणवले तर थेट रुग्णालय गाठा, मग खाऊन काही दिवस उलटले असले तरी. डॉक्टरांना काय खाल्ले, किती आणि किती वाजता, हे सांगा. त्याच घाण्यातले बटाटे उरले असतील तर ते फेकण्याआधी पिशवीत घालून सोबत न्या.